मदत हवी आहे: वळताना लायडारच्या नकाशात भिंती दुहेरी येतात

नमस्कार मंडळी. दोन चाकी रोबोटवर ३६० अंशांचा टूडी लायडार (लेझर फिरवून भोवतालची अंतरं मोजणारा सेन्सर) आहे: सेकंदाला ८,००० बिंदू, ५.५ फेऱ्या. नकाशा रॉस २ (रोबोटसाठीची सॉफ्टवेअर प्रणाली) मध्ये, स्लॅम टूलबॉक्सने (स्लॅम म्हणजे फिरता फिरता नकाशा बनवणं आणि त्यात रोबोटची जागा शोधणं). सरळ जाताना भिंत एका रेघेत स्वच्छ येते. कोपऱ्यावर वळलं की तीच भिंत दोनदा उमटते, मध्ये चार बोटं अंतर.

कारण बहुधा हे: एका फेरीला सुमारे १८२ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० अंश वळताना रोबोट तेवढ्यात ११ अंश फिरतो, म्हणजे फेरीचा पहिला आणि शेवटचा बिंदू एकाच दिशेतून मोजलेले नसतात. वळण्याचा वेग सेकंदाला २० अंशांवर आणला की फरक ३.६ अंशांवर येतो आणि नकाशा सुधारतो, पण रोजच्या कामात इतकं हळू परवडत नाही.



एन्कोडर (चाकं किती फिरली ते मोजणारा) आणि जायरो (वळण्याचा वेग मोजणारा) वापरून प्रत्येक बिंदू दुरुस्त करायचा, मग पुन्हा स्कॅन (एका फेरीतले सगळे बिंदू) बनवून स्लॅमला द्यायचा, असं कोणी केलंय का? आणि ड्रायव्हर (लायडारचा डेटा वाचणारा प्रोग्राम) स्कॅनवर वेळ फेरीच्या सुरुवातीची देतो की शेवटची, हे कसं तपासता? ते उलटं धरलं तर वळताना अख्खा स्कॅनच ११ अंशांनी सरकतो.