आधी वेळा न ठरवता मॅजिक किंगडम : जमतं का?

सांजवेळ :
जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑरलँडोला जातोय. वॉल्ट डिस्ने वर्ल्डसाठी दोनच दिवस हाताशी आहेत. मंगळवारी मॅजिक किंगडम, गुरुवारी अ‍ॅनिमल किंगडम. मी, नवरा, मुलगी (सहा वर्षं, उंची १०३ सेंमी), मुलगा (चार पूर्ण व्हायचाय, ९६ सेंमी) आणि सासरे. त्यांचे गुडघे दुखतात, पण यायची हौस दांडगी आहे. हॉटेल डिस्नेचं नाही, बाहेरचं आहे.

ऑफिसात जो तो सांगतोय की लायटनिंग लेन मल्टी पास (पैसे भरून साध्या रांगेऐवजी वेगळ्या, लवकर सरकणाऱ्या रांगेने जायची सोय) घेऊन राइडच्या वेळा आधीच ठरवल्या नाहीत तर दिवस फुकट गेलाच समजा. पाच जणांचा पास म्हणजे खर्च बराच वाढतो. आणि खरं सांगायचं तर दिवसभर फोनमध्ये डोकं घालून पुढची वेळ शोधत बसायची माझी तयारी नाही. पास न घेता कुणी जाऊन आलंय का? किती राइड होतात? मुलं रडकुंडीला येतात का?

उत्तररात्र :
पास घ्या आणि मोकळे व्हा. एवढ्या लांब जाऊन रांगेत उभं राहण्यात काय अर्थ आहे? डिस्नेबाहेरच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी, तिथल्या वेळेनुसार सकाळी सातला बुकिंग उघडतं. सात वाजता फोन हातात घेऊन बसा, पहिल्या तीन राइड ठरवून टाका.

रानजाई :
सांजवेळ, आम्ही सप्टेंबरात गेलो होतो, पास न घेता. मी, नवरा, सात आणि चार वर्षांच्या दोन मुली आणि माझे बाबा. मॅजिक किंगडममध्ये अकरा राइड झाल्या, शिवाय एक मिरवणूक आणि रात्रीची आतषबाजी. मुली रडल्या, पण एकदाच. आणि तेव्हा चूक माझी होती. ते पुढे सांगते.

एक गोष्ट आधी सांगते, म्हणजे बाकीचं लक्षात येईल. मी २०१२ मध्ये शिकायला असताना पहिल्यांदा तिथे गेले, तेव्हा कागदी फास्टपास होता. राइडच्या दाराशी यंत्र असायचं, त्यात आपलं तिकीट सरकवलं की तासाभराची वेळ छापलेली चिठ्ठी बाहेर यायची. पैसे पडत नसत. १९९९ मध्ये सुरू झालेली ती सोय पुढे मनगटी पट्ट्यावर आणि फोनवर गेली, २०२० मध्ये पार्क बंद झाले तेव्हा थांबली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परतली ती जिनी प्लस नावाने, माणशी दिवसाला १५ डॉलर घेऊन. जुलै २०२४ पासून तिचं नाव मल्टी पास आहे आणि दर तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतो. नावं बदलली तरी रांगेचं गणित तेच आहे. वेळ घेऊन आलेल्या माणसांना त्यांच्या तासातच आत सोडावं लागतं. दोन्ही रांगा जिथे मिळतात तिथे म्हणून आधी त्यांना वाट मिळते आणि साधी रांग थांबते. त्यामुळे साध्या रांगेत उभं राहायचं तर वेळ घेऊन आलेल्यांची गर्दी कमी असेल अशी घटका गाठायची. सकाळचा पहिला दीड तास आणि रात्रीचा शेवटचा एक. माझी सगळी युक्ती एवढीच आहे, पण ती मनापासून पाळावी लागते.

आता तुमची सकाळ. पार्क नऊला उघडत असेल तर आठला गाडी वाहनतळावर लागलेली हवी. मॅजिक किंगडमच्या दाराशी गाडी जातच नाही. तिकीट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटरला उतरायचं, तिथे बॅगा तपासून घ्यायच्या, मग मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळ्यापलीकडे जायचं. यात अर्धा तास सहज जातो. लहान मुलं आणि दुखरे गुडघे बरोबर असताना तर जातोच. नऊची वेळ म्हणून नऊला वाहनतळावर पोचलात तर सगळ्यात मोलाचा अर्धा तास बोटीत संपतो.

दुसरं असं की डिस्नेच्या हॉटेलांत उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी आत सोडतात. तेव्हा पार्कचे फँटसीलँड आणि टुमारोलँड हे दोन भाग उघडलेले असतात. म्हणजे तुम्ही नऊच्या ठोक्याला आत शिरलात तरी सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि पीटर पॅन या दोन्हींपुढे रांग लागलेलीच दिसेल. सगळी गर्दी तिकडे धावते, आपणही धावतो. तुम्ही धावू नका. डावीकडे वळा. अ‍ॅडव्हेंचरलँडचा भाग त्या अर्ध्या तासात बंद असतो, त्यामुळे नऊला तिथे अजून रांग लागलेली नसते. जंगल क्रूझ आधी करा, कारण दुपारी तिची रांग हलता हलत नाही. तिथून पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. पुढे फ्रंटियरलँडमध्ये टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर आहे, उंची १०२ सेंमी लागते, म्हणजे मुलीला चालेल. पण ती पाण्याची राइड आहे आणि शेवटी मोठी उडी आहे. जानेवारीच्या सकाळी कपडे भिजले तर पोरगी दिवसभर कुडकुडेल. ऊन चढल्यावर बघा, तिचा हट्ट असेल तर.

रांगेची लांबी बघून घाबरायचं नाही, हे मी बाबांकडून शिकले. ते आयुष्यभर कारखान्यात होते. हाँटेड मॅन्शनच्या दाराशी मी मागे फिरत होते, रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. ते म्हणाले, "थांब जरा, किती जण आत जातायत ते बघ." आम्ही पाच मिनिटं नुसतं बघितलं. तिथल्या बग्ग्या थांबतच नाहीत. सरकत्या पट्ट्यावर माणसं चढतात आणि पट्टा चालूच असतो. पीटर पॅनमध्येही पट्टा चालूच असतो, पण एकेका जहाजात दोन-तीनच माणसं मावतात. म्हणून तिथली छोटी दिसणारी रांग तास खाते आणि हाँटेड मॅन्शनची लांबलचक रांग सरसर पुढे सरकते. पायरेट्स आणि इट्स अ स्मॉल वर्ल्डच्या नावा मोठ्या, तिथेही तसंच. दुपारी रांगेत उभं राहायचंच असेल तर या तीन ठिकाणी राहा.

आता माझी चूक. दुपारी दोन वाजता मी पीटर पॅनपुढची रांगेच्या वेळेची पाटी वाचली, ७५ मिनिटं. सकाळी सगळं मनासारखं झालं होतं, त्यामुळे मला वाटलं हेही उरकून टाकू. धाकटी झोपेला आली होती, थोरलीला भूक लागली होती. पंचवीस मिनिटांनी दोघीही रडायला लागल्या आणि आम्ही माणसांना "सॉरी, सॉरी" म्हणत उलट्या दिशेने रांगेतून बाहेर आलो. त्या पंचवीस मिनिटांत काहीच हाती लागलं नाही, आणि धाकटीचं तोंड अजून आठवतं. साडेबारा ते साडेचार मोठ्या राइडचं नावच काढायचं नाही. हे घरून निघतानाच ठरवून ठेवा, कारण तिथे उभं राहिल्यावर मोह होतो.

तो वेळ सासऱ्यांसाठी राखून ठेवा. कॅरूसेल ऑफ प्रोग्रेस बसून बघायचं आहे, थंडगार आहे आणि तिथे गर्दी फारशी नसते. १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला तो खेळ १९७५ पासून इथे आहे. रंगमंच मध्ये स्थिर राहतो आणि प्रेक्षकांच्या खुर्च्यांचं वर्तुळच फिरतं. बाबांना काय दाखवलं त्यापेक्षा ते कसं फिरतं यातच जास्त रस होता. शेजारी पीपलमूव्हर आहे. उंचावरून टुमारोलँडभर हळूहळू फिरवतो आणि मधेच स्पेस माउंटनच्या अंधारात शिरतो. खाली ती राइड धावत असते, वरून किंकाळ्या ऐकायच्या. चढायला सरकता उतार आहे, गुडघ्यांचं बघून ठरवा. पार्कभोवती फिरणारी आगगाडीही आहे. व्हीलचेअर आत शिरल्याबरोबर भाड्याने घ्या. बाबा आधी नाही म्हणाले, अकरा वाजता हो म्हणाले. ते दोन तास वाचवता आले असते.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फ घातलेल्या पाण्याचा पेला फुकट देतात. घरचं खाणंही आत नेता येतं, काचेचं भांडं तेवढं नको.

सांजवेळ :
रानजाई, इतकं बैजवार लिहिलंत, फार बरं वाटलं. दोन शंका आहेत. मुलगा ९६ सेंमी आणि माइन ट्रेनला ९७ लागतात म्हणे. एका सेंटिमीटरसाठी अडवतील का? आणि माइन ट्रेन मग करायची तरी कधी?

चंद्रकोर :
मधेच लिहिते. रानजाई म्हणतात ते मॅजिक किंगडमला लागू आहे, कारण तिथे राइड भरपूर आहेत, एक हुकली तरी दुसरी असते. हॉलिवूड स्टुडिओजला हेच करायला गेलात तर पस्तावाल. तिथे राइड मोजक्या, आणि राइज ऑफ द रेझिस्टन्स, स्लिंकी डॉग डॅश, टॉवर ऑफ टेरर या सगळ्यांना सकाळपासूनच मागणी. आम्ही नाताळच्या आठवड्यात पास न घेता गेलो आणि दिवसभरात चार झाल्या. मुलांना चाललं, मला नाही चाललं. तुमच्या यादीत ते पार्क नाही हे बरंच आहे.

अ‍ॅनिमल किंगडमला मात्र बिनधास्त जा. उघडताच किलिमांजारो सफारी करा, सकाळी प्राणी हिंडताना दिसतात. अवतार फ्लाइट ऑफ पॅसेजला ११२ सेंमी लागतात, म्हणजे तुमची दोन्ही मुलं त्यात नाहीत. एक्स्पिडिशन एव्हरेस्टला एकेकट्यासाठी वेगळी सिंगल रायडर रांग आहे. मुलांना आजोबांजवळ बसवून तुम्ही दोघं त्या रांगेने जाऊन या. शेजारी बसायला मिळेलच असं नाही, पण रिकामी जागा भरायला त्या रांगेतली माणसं घेतात, त्यामुळे ती लवकर सरकते.

रानजाई :
चंद्रकोर, हॉलिवूड स्टुडिओजबद्दल तुमचं पटलं. नाताळचा आठवडा असेल तर मीसुद्धा पासच घेईन, उगाच हट्ट करणार नाही.

सांजवेळ, एका सेंटिमीटरसाठीही अडवतात, आणि अडवावंच. आडवा दांडा असलेली काठी असते, तिच्याखाली पोराला उभं करतात. बुटांसकट मोजतात, म्हणून जाड तळाचे रोजचे बूट घाला. मुलाला मात्र आधी सांगून ठेवा की काठी ठरवेल, आपण नाही. तिथे पोचल्यावर पहिल्यांदा "नाही" ऐकायला मिळणं लहान जिवाला फार लागतं. आमच्या धाकटीला मी घरी दारावर खूण करून दाखवली होती, "ही रेघ गाठलीस की बसायचं." ती काठीपाशी स्वतःच जाऊन उभी राहिली, दांडा केसांना लागला का ते हाताने चाचपून बघितलं आणि मग माझ्याकडे बघून हसली.

नाहीच बसला तर रायडर स्विच मागा. याला पास लागत नाही, पैसेही पडत नाहीत. दाराशी सांगायचं की बरोबर लहान मूल आहे. एक जण मुलाजवळ थांबतो, बाकीचे जाऊन येतात, मग थांबलेल्याला पुन्हा साधी रांग लावावी लागत नाही, लायटनिंग लेनने आत सोडतात. हे आधीच सांगायचं, बाहेर आल्यावर नाही.

आणि माइन ट्रेन शेवटी. अगदी शेवटी. पार्क बंद व्हायच्या वेळेआधी रांगेत शिरलात तर तुम्हाला राइड मिळते, मग घड्याळात काहीही वाजोत. आमच्या दिवशी पार्क दहाला बंद होणार होतं. आतषबाजी संपल्यावर माणसांचा लोंढा दाराकडे निघाला आणि आम्ही त्याच्या उलट दिशेने. धाकटी नवऱ्याच्या खांद्यावर, थोरलीचा हात माझ्या हातात. ९ वाजून ५२ मिनिटांनी रांगेत शिरलो. पाटीवर ५० होतं, प्रत्यक्षात २८ मिनिटं लागली. बंद व्हायच्या सुमाराला पाटीवरचा आकडा पुष्कळदा असा फुगलेला असतो, त्याला भिऊ नका. खाणीच्या डोंगरावर कंदील लागलेले असतात. डबे नुसते पुढे जात नाहीत, पाळण्यासारखे डावी-उजवीकडे झुलतात. बोगद्यात लाल-हिरवी रत्नं चमकायला लागली तेव्हा थोरलीने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "आई, आता कुणीच नाहीये, फक्त आपण." मागच्या डब्यात माणसं होती, पण तिला तसं वाटत होतं. त्या अठ्ठावीस मिनिटांत कुणाच्याच हातात फोन नव्हता. बाबांनी त्यांच्या कारखान्यातल्या पाळीची एक गोष्ट सांगितली, जी मी चाळीस वर्षांत ऐकलेली नव्हती. मी पास न घ्यायचा आग्रह धरते तो यासाठी. पैसे वाचले हे खरं, पण ती रांग मला हवी होती.

मुलांना रात्रीपर्यंत जागवायचं तर दुपारी स्ट्रोलरमध्ये तासभर झोपवाच. सासरे थकले तर नवरा त्यांना घेऊन आतषबाजीआधीच मोनोरेल गाठू शकतो. नंतर तिथेही रांग लागते.

सांजवेळ :
ठरलं मग, पास नाही. पण मुलीचा जीव माइन ट्रेनवर आहे. रात्री काही कारणाने नाही जमलं तर?

रानजाई :
तर फक्त त्या एका राइडचा सिंगल पास त्याच दिवशी अ‍ॅपवर घेता येतो, शिल्लक असेल तर. मल्टी पास असायलाच हवा असं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला मुलांचे चेहरे बघा आणि ठरवा. दहापर्यंत टिकणार नाहीत असं वाटलं तर घेऊन टाका, त्यात कमीपणा काही नाही. मुलगा बसणार नसेल तर त्याचा घेऊ नका.

आणि जाडसर जॅकेट ठेवा. जानेवारीत दुपारी घाम येईल, पण रात्री तळ्यावरून बोटीने परतताना वारा झोंबतो.