अनुभव धागा : जुन्या गोव्याचे मठ आणि चर्च

सुट्ट्या लागल्या की सोलापूरहून गोव्याला गाड्या भरून जातात. जुन्या गोव्यात बॉम जेझुस बासिलिका या मोठ्या चर्चसमोर फोटो होतो आणि मंडळी बीचकडे वळतात. शेजारच्या टेकडीवरचा संत ऑगस्टीनचा मठ राहूनच जातो. जाणकारांनी, नावाऐवजी सोलापुरातला आपला भाग टाकून, लिहा : इतिहास, जायचं कसं, काय चुकतं.

सात रस्ता
ऑगस्टिनियन संन्यासी गोव्यात १५७२ ला आले. मठाचं चर्च १५९७ ते १६०२ मध्ये बांधलं. आज उभा आहे तो मनोरा म्हणजे दर्शनी भागाचा उरलेला तुकडा, उंची सुमारे ४६ मीटर. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारनं संन्याशांना घालवलं आणि मठ ओस पडला. सातच वर्षांत छत खाली आलं. १९३१ ला दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा गेला. घंटा मात्र वाचली. आधी आग्वादच्या दीपगृहात होती, १८७१ पासून पणजीच्या पायऱ्यांवाल्या पांढऱ्या चर्चमध्ये आहे.

बाळीवेस
आपल्या भुईकोट किल्ल्याच्या हिशेबानं मठाचा हा जांभा दगड बघू नका. आपला काळा पाषाण पाणी पीत नाही, जांभा पितो. खाणीतून काढताना तो मऊ असतो, हवेत कडक होतो. पण उघडा राहिला की पावसात आतली माती धुपून छिद्रं वाढत जातात. म्हणून वर चुन्याचा गिलावा हवाच. गिलावा आणि छप्पर सांभाळणारं कोणी उरलं नाही की काय होतं, ते टेकडीवर दिसतं.

बासिलिकाचा गिलावा तर १९५० च्या दशकात मुद्दाम काढला! लाल दगड फोटोत झकास दिसतो, पण मूळ रूप ते नव्हे. दर्शनी भागावरची नक्षी वसईकडून आणलेल्या काळ्या दगडाची आहे. जांभा झिजलाय आणि शेजारच्या नक्षीच्या कडा अजून धारदार, हे जवळ जाऊन बघाच.

होटगी रोड
जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये इराणात शिराझला मारली गेली. तिचे अवशेष ऑगस्टिनियनांनी इथे आणले. जुन्या पोर्तुगीज नोंदीत जागा होती : मठाच्या सभागृहात, दुसऱ्या खिडकीपाशी. पण भिंतीच पडलेल्या, खिडकी मोजणार कुठून? आधी पायावरून आराखडा जुळवावा लागला. सापडलेल्या हाडाची डीएनए तपासणी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत झाली, आणि २०२१ मध्ये भारतानं अवशेषाचा भाग जॉर्जियाला दिला.

नवी पेठ
रस्ता : विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट, साखळी. पावसाळ्यात चोर्ल्यात धुकं दाटतं, घाट उजेडीच उतरा.

सकाळी आधी टेकडी, मग बासिलिका. उलटं केलं की ऐन उन्हात टेकडी चढावी लागते, आणि वर मठाला छप्पर नाही. बासिलिकापासून चालत दहा मिनिटं. पावसात जांभ्यावर शेवाळ धरतं. गुळगुळीत तळाच्या चपला नकोत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा आत फिरू नका.

सात रस्ता
एक राहिलं. असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, ते शुक्रवारी बंद असतं. चर्चमध्ये खालीही बघा, फरशीत ढालचिन्हं कोरलेले थडग्यांचे दगड बसवलेत.