एसयू एच२ कार्ब्युरेटर: जेटच्या तळातून पेट्रोल गळतंय, मदत हवी आहे

गाडी मॉरिस मायनर १०००, इंजिन ९४८ सीसी. इग्निशन चालू केलं की इंजिन बंद असतानाही जेटच्या (इंजिनाकडे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीच्या) खालच्या नटाभोवती थेंब जमतो. चोक ओढला (त्याने जेट खाली सरकतो) की जास्तच. फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) ओव्हरफ्लो नळीतून काही येत नाही, म्हणजे पातळी चढत नसावी. तरीही चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल आणि तिची सीट नवी टाकली, फ्लोट (तरंगणारा पोकळ डबा) गरम पाण्यात बुडवून पाहिला (बुडबुडे नाहीत), फ्लोटने उचलल्या जाणाऱ्या फोर्कखाली ७/१६ इंची दांडी धरून उंची जुळवली. जेट ग्लँडचे (जेटभोवतीची गळती रोखणारी जागा) बुचाचे (कॉर्कचे) वॉशर तेलात भिजवून नवे बसवले, जेट पुन्हा सेंटर केला. दोन दिवस कोरडं, मग परत तेच. जेटवर नखाला लागेल असा ओरखडा नाही. पेट्रोल इथेनॉल मिसळलेलंच मिळतं.

बुचाऐवजी व्हायटॉनची (पेट्रोलला टिकणाऱ्या रबराची) ओ-रिंग घातली तर जेट मोकळा सरकतो का, की आधी ग्लँडची स्प्रिंग बदलावी?