फसलेल्याला ‘लायकीच तशी’ म्हणण्याआधी

निंबोणी

काल या चर्चेत ‘सरळमार्गी’ यांनी लिहिलेलं वाचलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ऑनलाइन फसणारे दोनच जातीचे, लोभी नाहीतर मूर्ख. बँकेने त्यांना भरपाई दिली तर तो भुर्दंड शेवटी आपल्यासारख्या सावध माणसांवर पडतो. आणि शेवटी, ‘अक्कल गहाण टाकली तर पैसे जाणारच, लायकीच तशी.’ रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून लिहायला बसले आहे.

माझी मावशी गणिताची शिक्षिका होती. उभ्या आयुष्यात तिने लॉटरीचं तिकीट घेतलं नाही. तिला आलेला फोन बक्षिसाचा नव्हता. ‘तुमच्या खात्यातून कुणीतरी पैसे काढतंय, आम्ही सुरक्षा विभागातून बोलतोय, पैसे ताबडतोब सुरक्षित खात्यात हलवा.’ यात लोभ कुठे आला, सांगा ना? ती आपले पैसे वाचवायला धडपडत होती. ‘बँकेतलाच माणूस सामील आहे, घरातही कुणाशी बोलू नका’ असं बजावलं म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं. हिशोबाच्या वहीत एकेक खाते क्रमांक लिहिला, पुढे वेळ लिहिली, खाली पट्टी धरून रेघ मारली. तीन तासांत चार रेघा. शेवटच्या रेघेखाली ‘बाकी’ असा शब्द आहे आणि पुढे कोरं.

आम्हाला कळलं अकरा दिवसांनी. अशा वेळी पहिले काही तासच हाताशी असतात. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाच ठिकाणी जातो आणि मग माग काढणं जवळजवळ अशक्य होतं. लगेच का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, ‘तुम्ही काय म्हणाल ते मला पाठ होतं.’ आणि तिचं खरं होतं. आमच्या घरात अशा बातम्या मोठ्याने वाचल्या जायच्या आणि ‘कसे काय फसतात हो लोक’ म्हणून आम्ही हसायचो. ती तिथेच बसलेली असायची.

अक्कल म्हणाल तर ट्रॉय हंट यांचं उदाहरण घ्या. कुणाची माहिती कुठून फुटली हे शोधून देणारी ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही सेवा त्यांनी उभी केली. सुरक्षा हाच त्यांचा व्यवसाय. मार्च २०२५ मध्ये लांबच्या विमानप्रवासाने थकलेले असताना त्यांनी एका बनावट ईमेलमधल्या दुव्यावर जाऊन आपला पासवर्ड भरला. त्यांच्या ईमेल-पत्रिकेच्या यादीतल्या सुमारे १६,००० लोकांचे पत्ते चोरीला गेले. त्यांनी तासाभराच्या आत स्वतःच हे जाहीर केलं, लोक सावध झाले. माझ्या मावशीला ती हिंमत झाली नाही, कारण तिच्याभोवती आम्ही होतो. तुमचं ते ‘लायकी’ चोराच्याच कामाला येतं, सरळमार्गी.

सरळमार्गी

मावशींचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दुःख मोठं म्हणून हिशोब बदलत नाही. ब्रिटनने ७ ऑक्टोबर २०२४ पासून असा नियम केला की माणसाने फसून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले तरी बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरून द्यायचे, निम्मे पाठवणाऱ्या बँकेने, निम्मे ज्या बँकेत ते पोचले तिने. ऐकायला छान वाटतं. मग बँका काय करणार? प्रत्येकाकडे संशयाने बघणार. तिथे संशय आला तर पैसे आणखी ७२ तास रोखून धरायची मुभाही देऊन टाकली.

आता माझी गोष्ट ऐका. वडिलांच्या शस्त्रक्रियेची आगाऊ रक्कम भरायची होती. बँकेच्या यंत्रणेला तो व्यवहार ‘संशयास्पद’ वाटला. दोन दिवस पैसे लटकले. मी रुग्णालयाच्या बाकावर बसून तेच तेच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला वडिलांचं नाव, आजार, खोली क्रमांक सांगत होतो. कुणीतरी चार वेळा इशारा न वाचता ‘पुढे’ दाबतो आणि शिक्षा मला. मी का भोगायचं?

दिवाभीत

तुम्ही दोघंही मूळ दुखण्यावर बोलत नाही आहात. लोकांना फसायचं शिक्षण देतं कोण? बँकाच! मागच्याच आठवड्यात मला खऱ्याखुऱ्या बँकेतून फोन. ‘खात्री करण्यासाठी जन्मतारीख सांगा.’ मी म्हटलं, फोन तुम्ही केलाय, आधी तुम्ही कोण ते पटवा. तर बाई चिडल्या आणि ‘तुम्ही सहकार्य करत नाही’ म्हणाल्या. वर्षभर ‘कुणालाही माहिती देऊ नका’ असे संदेश पाठवायचे आणि स्वतःच माहिती मागायची! संदेशात दुवेही पाठवतात, तेही अशा पत्त्याचे की खरा कुठला नि खोटा कुठला, ब्रह्मदेवाला कळणार नाही. यावर एक अक्षर नाही कुणाचं.

खटपट्या

मी बोलून वेळ घालवत नाही, करतो. असा फोन आला की ठेवत नाही. ‘चष्मा शोधतो’, ‘कार्ड वरच्या मजल्यावर आहे’, ‘आकडा पुन्हा सांगा’ असं करत दीड-दोन तास अडकवून ठेवतो. तेवढा वेळ कुणाची तरी मावशी वाचते. यामागे विचार आहे, नुसती गंमत नाही. २०१२ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी मांडलं होतं की अफाट संपत्तीत वाटा देतो म्हणणारी ती ‘नायजेरियाच्या राजपुत्राची’ पत्रं मुद्दाम अविश्वसनीय लिहिलेली असतात. शहाणा पहिल्याच ओळीत सोडून देतो आणि ठगाचा वेळ फक्त पक्क्या गिऱ्हाइकावर खर्च होतो. म्हणजे त्याचं भांडवल वेळ. ते मी जाळतो. सगळ्यांनी रोज एक असा फोन लटकवला तर धंदा बसेल.

पाऊलवाट

@खटपट्या, पलीकडे कोण बसलंय याचा विचार केलात का कधी?

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता: म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसं अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असू शकतात. भाषांतराची, ग्राहकसेवेची नोकरी म्हणून बोलावतात, पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतात. उंच भिंती, काटेरी तारा, पहारेकरी. दिवसाचं लक्ष्य पुरं झालं नाही की मार, विजेचे झटके. घरच्यांकडे खंडणी मागतात, ती नाही मिळाली तर दुसऱ्या टोळीला विकतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडच्या, म्यानमारमधल्या अशा भागांची वीज तोडली, त्यानंतर काही हजार माणसं बाहेर आली. तुम्ही जाळता तो वेळ मालकाचा नाही. संध्याकाळी त्याची किंमत त्या पोराच्या पाठीवर वसूल होते.

खटपट्या

वा! म्हणजे आता चोराचे पाय धुवायचे? तो माझ्या आईसारख्या बाईला रडवतो तेव्हा त्याची पाठ आठवायची? आणि सगळे काय बंदिवान नसतात. पगारावर, कमिशनवर काम करणारे, फसवून झाल्यावर शेजारच्याला टाळी देणारेही असतातच. मला पलीकडचा कोण ते कळायला काही मार्ग नाही. फोन माझ्या घरी आलाय, मी त्याच्या घरी केलेला नाही.

पाऊलवाट

पाय धुवायला कुणी सांगितलं? ठेवा की फोन. क्रमांक कळवा, रोखा, विषय संपला. माझा आक्षेप खेळवण्याला आहे. त्याला शिव्या घालायच्या, रडवायचं, ध्वनिमुद्रण करून चार मित्रांना ऐकवायचं. पलीकडचा कोण ते कळत नाही, असं तुम्हीच लिहिलंत. मग शिक्षा कुणाला देताय तेही तुम्हाला कळत नाही.

सरळमार्गी

इथेही मला तेच दिसतं. परक्या देशात, अनोळखी माणसाच्या भरवशावर, दुप्पट पगाराच्या आशेने गेला. लोभच ना?

पाऊलवाट

नोकरी शोधणं हा लोभ? मग तुम्ही पहिली नोकरी सोडून दुसरी धरलीत ती कशासाठी? पैसे वाचवायला गेली ती मूर्ख, पैसे कमवायला गेला तो लोभी. तुमच्या मापात बसणारा शहाणा माणूस कसा असतो ते एकदा लिहा बघू. फसला की तो तुमच्या यादीत जातो, न फसला की शहाणा ठरतो. नशिबाला तुम्ही अक्कल म्हणताय.

सरळमार्गी

शब्द जपून वापरा. मी चाळीस वर्षं पै न् पै जपली ती काय नशिबाने?

दिवाभीत

नशीब नि अक्कल राहू द्या. माझ्या मुद्द्याला कुणी हात लावला का? जन्मतारीख का मागतात?

तारामती

इतकं वाचून राहवत नाही. तुम्ही ज्या माणसाबद्दल बोलताय त्याला निदान नंतर तरी कळतं की आपण फसलो. माझ्या वडिलांना कळलंच नाही. एक बाई, गुंतवणुकीचं ॲप, रोज वाढणारे आकडे. आम्ही हात जोडले, बँकेतल्या माणसाने समजावलं. बाबा म्हणाले, ‘तुम्हाला माझ्या पैशांवर डोळा आहे.’ ती बाई त्यांना रोज सकाळी ‘औषध घेतलं का’ विचारायची. आम्ही विचारत नव्हतो, हेही लिहून टाकते.

सिंगापूरने १ जुलै २०२५ पासून कायदा लागू केला आहे. माणूस फसतोय असं पोलिसांना सबळ कारणाने वाटलं आणि तो ऐकतच नसेल, तर शेवटचा उपाय म्हणून त्याच्याच खात्यावर ३० दिवसांपर्यंत निर्बंध घालता येतो, गरज पडल्यास मुदत वाढवता येते. घरखर्चापुरते पैसे मिळायची सोय ठेवली आहे. मला हा कायदा हवा होता. बाबा माझ्याशी वर्षभर बोलले नसते तरी चाललं असतं.

निंबोणी

तारामती, तुमचं दुःख समजतं, पण मला याची भीती वाटते. आज फसवणुकीसाठी, उद्या मुलांना न आवडणाऱ्या लग्नासाठी, देणगीसाठी. सत्तरीच्या माणसाचे पैसे त्याचे नाहीत असं एकदा ठरलं की मावशीसारखीला आणखी लपवावंसं वाटेल.

तारामती

पोलिसांना सबळ कारण लागतं, असं मी स्पष्ट लिहिलंय. मुलांच्या नावडीचा विषय कुठे आला? तुमच्या मावशीच्या दारावर तिसऱ्या रेघेआधी कुणी थाप मारली असती तर तुम्ही त्याला ‘तिचं स्वातंत्र्य’ म्हणून परत पाठवलं असतं का?

निंबोणी

नसतं पाठवलं.

खटपट्या

दोन दिवस गप्प होतो. पाऊलवाट, तुम्हाला चिडून बोललो. एक गोष्ट लिहिली नव्हती ती लिहितो. मागे एकाला पाऊण तास लटकवलं होतं. मग मी हसून सांगितलं की मला सगळं माहीत आहे, आता ठेव. मला वाटलं शिवी देईल. तो एकदम आवाज खाली आणून मोडक्या इंग्रजीत म्हणाला, ‘सर, प्लीज, पाच मिनिटं ठेवू नका. नुसतं चालू राहू द्या.’ मागे कुणीतरी आकडे ओरडत होतं. मला तेव्हा ती नवी क्लृप्ती वाटली आणि मी फोन कापला. अजूनही क्लृप्तीच असेल, तुमचं सगळं मला पटलेलं नाही. पण परवा असा फोन आला तेव्हा खेळवलं नाही. ठेवून दिला.

सरळमार्गी

भरपाईबद्दल माझं मत तेच आहे. फार तर पैसे ज्या बँकेत जाऊन पडतात तिने द्यावेत, कारण चोराचं खाते तिने उघडून दिलं. ब्रिटनच्या नियमातला तो निम्मा भाग मला मान्य. उरलेला नाही. आणि परदेशी पाठवलेल्या पैशांना तो नियम लागू नाही, तेव्हा त्याने सगळं सुटेल असं समजू नये.

‘लायकी’ हा शब्द मागे घेतो. मावशी गणिताच्या शिक्षिका होत्या हे वाचल्यावर मी माझ्या बायकोला विचारलं, तुला असा फोन आला तर मला सांगशील का? ती म्हणाली, ‘बघू.’ बत्तीस वर्षं संसार झाला आमचा. त्या उत्तराने मी फार अस्वस्थ आहे.

दिवाभीत

त्या जन्मतारखेबद्दल मी बँकेला लेखी तक्रार केली आहे. उत्तर आलं की कळवतो. दरम्यान सरळमार्गींचं ‘चोराचं खाते उघडून देणारी बँक’ हे मला शंभर टक्के मान्य. निंबोणीताई, मावशींच्या त्या वहीचं काय झालं?

निंबोणी

ती तपास अधिकाऱ्यांकडे आहे. चारही खाते क्रमांक आणि वेळा अचूक निघाल्या, बँकेच्या नोंदीत एका मिनिटाचाही फरक नव्हता. एका खात्यात थोडी रक्कम अडकून राहिली होती, ती गोठवली आहे. फार नाही. मावशीला सांगितलं तर तिने आधी विचारलं, ‘अक्षर वाचता आलं ना त्यांना?’ परवा तिने नवी वही आणली.