आरोग्याचे आकडे वस्तीनिहाय जाहीर करावेत का?

सिंहगडरोडकर:
२०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांत करोनाची सिरो पाहणी, म्हणजे रक्ततपासणी झाली. सरासरी ५१.५ टक्के लोकांत अँटीबॉडी, म्हणजे करोना होऊन गेल्याची खूण सापडली, पण लोहियानगर-कासेवाडीच्या दाट वस्तीत ६५ टक्क्यांच्या वर. सामायिक संडास वापरणाऱ्यांत ६२ टक्के, घरात संडास असणाऱ्यांत ४५. पहाटे रांगेत उभं राहणाऱ्या बाईने ‘अंतर राखा’ कसं पाळायचं? नुसती सरासरी छापली असती तर ही रांग दिसलीच नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी जिल्ह्यापाशी थांबते, म्हणजे शहरातलं श्रीमंत कोरेगाव पार्क आणि डोंगराळ वेल्ह्यातल्या वाड्या एकाच आकड्यात. क्षयरोग, डेंग्यू, कुपोषण यांचे वस्तीनिहाय आकडे दर तीन महिन्यांनी लोकांसमोर यायलाच हवेत.

पर्वतीपायथा:
साफ विरोध. मी जनता वसाहतीत वाढले. करोनात आमच्या गल्लीला पत्रे ठोकले, तेव्हा आईची धुण्याभांड्याची तीन कामं गेली. एक तर परत मिळालंच नाही. आकड्याशेजारी वस्तीचं नाव छापलं की तो आजार आमच्याच कपाळी चिकटतो. आणि संडासाला रांग असते हे कळायला आमचं रक्त कशाला काढायचं? पाहणीवाले येतात, आधार नंबर लिहून नेतात. संडासाचं दार अजून मोडकंच आहे.

सिंहगडरोडकर:
घर, नाव, आधार काहीच नको, हे शंभर टक्के मान्य. पण जानेवारी २०२५ आठवा. गुलियन बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड गाव, किरकटवाडीच्या पट्ट्यात दाटलेले दिसले म्हणूनच पाण्याकडे बोट गेलं. ही २०२१ साली महापालिकेत आलेली गावं. ‘पुण्यात इतके रुग्ण’ एवढंच सांगितलं असतं तर तिथल्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीपर्यंत कोण पोचलं असतं?

जुनीपेठ:
१८९७ च्या प्लेगमध्ये याच शहरात सोजीर घराघरांत शिरले, तेही आरोग्याच्याच नावाने. माहिती कुणाच्या हाती राहणार ते आधी सांगा. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे. मला ती धोक्याची वाटते.

वहीवाली आशा:
हे आकडे आम्ही आशा कार्यकर्त्या गोळा करतो, म्हणून बोलते. दुपारी गेलं की निम्म्या घरांना कुलूप. भाडेकरू तर दर दिवाळीला बदलतात. म्हणजे ज्यांची गरज सगळ्यात जास्त, तेच वहीत येत नाहीत. आणि वही वर गेली की खाली परत काही येत नाही. मागच्या वर्षी मीच बसून मोजलं, तर एका गल्लीत पाच बाळांचे लसीचे डोस चुकलेले. सगळ्यांच्या आया सकाळी आठला कामावर जाणाऱ्या. भांडून एक संध्याकाळचं सत्र मागून घेतलं, चार बाळं आली. पाचव्या बाळाची आई गावी गेली होती, ती रुखरुख अजून आहे.

पर्वतीपायथा:
ताई, असं असेल तर माझी हरकत नाही. आकडे आधी आमच्या समाजमंदिरात वाचून दाखवा, बाहेर नंतर. आणि त्याच कागदावर संडास कधी दुरुस्त होणार ती तारीख लिहा.

जुनीपेठ:
माझी हरकत कायम आहे. वही कुणाच्या कपाटात राहणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.