मदत हवी आहे : आजेसासऱ्यांना १९४० साली कोणत्या छावणीत ठेवले होते, हे कसे शोधावे?

मृण्मयी_स : माझे आजेसासरे मूळचे इटलीतील बार्डीचे. युद्धात त्यांना आइस्क्रीमच्या दुकानातून पोलिसांनी नेले आणि ते कित्येक वर्षे स्थानबद्ध होते, एवढेच घरात ठाऊक आहे. सासूबाई आता फार थकल्या आहेत आणि वडील कुठे होते हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. कागदपत्रे कुठे मागावीत, हे कृपया लवकर सांगा. इतिहास मी वाचलेला आहे.

अनिकेत७१ : अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील फोर्ट मिझूला छावणीपासून सुरुवात करा. अमेरिकेने नागरिकत्व न घेतलेल्या सुमारे ६ लाख इटालियनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवले होते.

वाचक_नलिनी : अनिकेत, देश कोणता हे त्यांनी सांगितलेलेच नाही. बार्डीहून गेलेले पुष्कळ इटालियन ब्रिटनमधील वेल्समध्ये आइस्क्रीमची दुकाने चालवत, त्यामुळे मला तरी वेल्स वाटते. मृण्मयीताई, ते ब्रिटनमध्ये कधी आले आणि त्यांनी नागरिकत्व घेतले होते का?

मृण्मयी_स : हो, वेल्सच. ते १९२३ मध्ये आले. नागरिकत्व घेतले नव्हते.

दे_कुलकर्णी : आपल्याकडे अहमदनगर, देवळाली आणि डेहराडून येथेही अशा छावण्या होत्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अर्ज करावा.

वाचक_नलिनी : कुलकर्णी साहेब, ब्रिटनमध्ये पकडलेल्या इटालियनांना भारतात नव्हे, तर ब्रिटनजवळचे आइल ऑफ मॅन बेट, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे पाठवले होते. १० जून १९४० रोजी मुसोलिनीने युद्ध पुकारताच १६ ते ७० वयाच्या आणि वीस वर्षांहून कमी वास्तव्य असलेल्या पुरुषांची धरपकड सुरू झाली, त्यात हे सापडले असणार. लंडनमधील क्यू येथील अभिलेखागारात गृहखात्याच्या 'एचओ ३९६' या मालिकेत स्थानबद्धांची कार्डे आहेत. तिथे पूर्ण नाव आणि जन्मतारीख द्या.

अनिकेत७१ : युद्धकाळात सरकारने दुसरे काय करायला हवे होते? त्या इटालियनांपैकी काही जण मुसोलिनीच्या फाशिस्ट संघटनेचे सदस्य होतेच.

वाचक_नलिनी : सदस्यत्वाच्या यादीत नाव असणे म्हणजे हेरगिरी नव्हे, आणि चौकशीविना नेलेल्यांत साधे दुकानदार पुष्कळ होते. २ जुलै १९४० रोजी स्थानबद्धांना कॅनडाला नेणारे 'अरांडोरा स्टार' जहाज पाणतीराने बुडाले, तेव्हा ८०० हून अधिक माणसे गेली आणि त्यांत बार्डीचे चाळीसहून अधिक होते. मृण्मयीताई, त्यातून वाचलेल्या अनेक इटालियनांना आठ दिवसांतच 'ड्युनेरा' जहाजाने ऑस्ट्रेलियातील टॅटुरा छावणीकडे रवाना केले. आजोबांच्या बोलण्यात कधी ऑस्ट्रेलिया आली होती का, हे सासूबाईंना विचारा. तसे असेल तर कॅनबेराच्या अभिलेखागारातही अर्ज करावा लागेल.

मृण्मयी_स : मेलबर्नहून आलेले एक पत्र आहे, असे त्या म्हणतात. दोन्हीकडे आजच अर्ज करते.