भारत आणि चीन दोन्हींचा इतिहास शिकायचाय, आधी भाषा शिकू की आधी पुस्तकं वाचू?

वाचनवेडी_पुणे:
नमस्कार मंडळी, मी टीवायला आहे, हिस्ट्री स्पेशल. गेल्या सेमिस्टरला आशियाच्या इतिहासाचा पेपर होता आणि त्यातला चीनचा भाग सुरू झाल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्षच लागेना. म्हणजे बघा ना, इकडे अशोक गेला इ.स.पू. २३२ च्या सुमारास आणि तिकडे इ.स.पू. २२१ मध्ये छिन शी हुआंगने सगळी राज्यं जिंकून एक साम्राज्य उभं केलं, जेमतेम दहा-अकरा वर्षांचं अंतर, आणि शाळेत आपल्याला हे कुणी शेजारी ठेवून दाखवलंच नाही.

तर इंटर्नलला मी हाच विषय घेतला, भारत आणि चीन तुलना. दोन रकाने केले, इकडे वेद तिकडे कन्फ्यूशियस, इकडे जात तिकडे परीक्षा देऊन होणारे अधिकारी, असं सगळं. मार्क चांगले पडले पण मला स्वतःला ते आवडलं नाही, दोन्हीकडचं वरवरचं उचलून आणल्यासारखं वाटलं. त्यात नावांचा गोंधळ, आपल्या पुस्तकात ह्युएनत्संग, एका इंग्रजी पुस्तकात युआन च्वांग, नेटवर श्वेनझांग, हा एकच माणूस आहे हे कळायलाच दोन दिवस गेले.

एमएला दोन्ही देश धरून काही करता येईल का? आणि त्यासाठी चिनी भाषा आधी शिकायची की नंतर? घरी बाबा म्हणतात एकच काहीतरी धड कर. त्यांचंही चुकत नाही, म्हणून विचारतेय.

निवृत्त_मास्तर:
बाळ, बाबा बरोबर बोलतायत आणि तुझंही बरोबर आहे. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला म्हणून सांगतो, दोन देश दोन रकान्यांत मांडले की कुणाचंही तेच होतं, कारण त्या रकान्यांमधली माणसं एकमेकांना कधी भेटलेलीच नसतात. त्यापेक्षा जी भेटली त्यांच्यापासून सुरुवात कर. चिनी बौद्ध भिक्षूच बघ ना, फाहियान ३९९ साली चीनमधल्या छांगआनहून भारताकडे निघाला, श्वेनझांग ६४५ ला ६५७ ग्रंथ घेऊन परत पोचला, इत्सिंग ६७१ ला समुद्रमार्गे निघाला. ही माणसं इथे राहिली, संस्कृत शिकली, आणि पाहिलं ते लिहून ठेवलं.

आता एक काम कर. श्वेनझांगने महाराष्ट्रावर लिहिलेला भाग काढ, अगदी छोटा आहे. तो लिहितो की इथली माणसं उंच, सरळ स्वभावाची, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात आणि मगच चालून जातात, पण कुणी अडचणीत मदत मागितली तर स्वतःचं भान न ठेवता धावतात. लढाईआधी वीर आणि हत्ती दोघांनाही दारू पाजतात. राजा पुलकेशी, आणि हर्षाने एवढी फौज आणूनही हा देश त्याला नमला नाही. आता हे घेऊन ऐहोळेचा ६३४ सालचा शिलालेख शेजारी ठेव, रविकीर्तीने रचलेला, त्यात पुलकेशीच्या बाजूने हर्षाच्या पराभवाचं वर्णन आहे आणि महाराष्ट्रक नावाच्या तीन प्रदेशांचा आणि त्यांतल्या ९९ हजार गावांचा उल्लेख आहे. एक दरबारातला कवी, एक परदेशी भिक्षू, दहा-बारा वर्षांच्या अंतराने दोघे एकाच राजाबद्दल लिहितात. कवीला राजाची स्तुती करायचीय, भिक्षूला त्याच्याकडून काही नकोय, तरी हर्षाच्या बाबतीत दोघांचं जुळतं. कुठे जुळतं आणि कुठे नाही हे तपासत बसलीस की इतिहासाचं खरं काम सुरू झालं.

श्वेनझांगच पुढे या देशाच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरातल्या एका विहाराचं वर्णन करतो, दरवाज्याबाहेर दगडी हत्ती आहेत म्हणतो. अभ्यासक ते अजिंठा मानतात. सोळा नंबरच्या लेण्याला जाताना खाली जिन्यापाशी दोन्ही बाजूंना हत्ती कोरलेले आहेत ते बघून ये, शक्यतो पावसाळा संपताना जा. पुस्तक हातात धरून तिथे उभं राहायचं.

दिल्लीत_शिकलेला:
मास्तरांशी सहमत. मी चिनी भाषेत एमए केलंय त्यामुळे भाषेबद्दल लिहितो.

ताई, भाषा आधी, आणि आजच सुरू कर. पिनयिन म्हणजे रोमन लिपीत चिनी लिहायची पद्धत १९५८ ला सुरू झाली, आपल्या पुस्तकातली ह्युएनत्संग वगैरे रूपं त्याआधीच्या पद्धतीतून आलीत, पिनयिनचे नियम एकदा शिकलीस की नावांचा गोंधळ पंधरा दिवसांत संपतो. खरी मेहनत अक्षरांची आहे. मी पहिलं वर्षभर रोज दहा अक्षरं वहीत वीस-वीस वेळा लिहायचो, हात दुखायचा, आणि आठवड्याने बघितलं तर निम्मी विसरलेलो असायचो. तरी सोडायचं नाही. आणि हे आधीच माहीत असू दे की आजची बोलभाषा आली म्हणजे श्वेनझांग वाचता येतो असं नाही, तो अभिजात चिनीत लिहितो, ती पुन्हा वेगळी शिकावी लागते. पण अक्षरं बरीचशी तीच असतात त्यामुळे केलेलं वाया जात नाही.

आणि आपण मराठी असल्याचा इथे खरंच फायदा होतो. संस्कृत ध्यान चिनीत छान-ना झालं, पुढे नुसतं छान राहिलं, तेच जपानला जाऊन झेन झालं. क्षण चिनीत छा-ना झाला आणि आजही तिकडे बोलताना वापरतात. महाराष्ट्र शब्द तो मो-ह-ला-छा असा चार अक्षरांत लिहितो. पहिल्यांदा ती चार अक्षरं मी स्वतः ओळीतून ओळखली तेव्हा हॉस्टेलच्या रूममध्ये एकटाच होतो आणि डोळ्यात पाणी आलं.

कॉलेजांचं म्हणशील तर जेएनयूमध्ये चिनी भाषेचं सेंटर आहे, दिल्ली विद्यापीठात पूर्व आशियाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि शांतिनिकेतनला चीना भवन, १९३७ ला टागोरांनी तान युन-शान यांच्याबरोबर सुरू केलेलं. पण पुणंही या विषयात कमी नाही. फर्ग्युसनला पाली शिकवणारे पु. वि. बापट यांनी विनय म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांवरच्या पाली भाष्याच्या चिनी रूपावर काम केलं, ते भांडारकर संस्थेने १९७० ला छापलं. महाभारताचा पूर्ण चिनी अनुवाद २००५ ला निघाला तो भांडारकरच्याच चिकित्सक आवृत्तीवरून. आणि रामायण चिनीत नेणारे जी श्येनलिन, त्यांना सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत वसतिगृहाच्या दारावर राखणीला बसवलं होतं, त्या काळातच त्यांनी हा अनुवाद चालवला. अभ्यासाचा कंटाळा आला की मला तो माणूस आठवतो.

सोबत पाली किंवा संस्कृत यातली एक भाषा ठेव. दोन्ही काठ दिसायला हवेत.

माझगावकर:
सगळं छान लिहिलंय पण एक भर घालतो. भारत-चीन म्हटलं की सगळे बौद्ध धर्मावर येऊन थांबतात, जणू सातव्या शतकानंतर थेट १९६२ च उजाडलं. मधलं काय? मुंबई उभी राहिली त्यात चीनच्या व्यापाराचा पैसा मोठा आहे, आणि त्यात माळव्याची अफू होती. जमशेटजी जीजीभॉय १७९९ साली सोळाव्या वर्षी पहिल्यांदा चीनला गेले, पुढे आणखी फेऱ्या केल्या, कापूस आणि अफूत कमावलं. त्यांच्या देणगीतून १८४५ ला उघडलेलं जे. जे. हॉस्पिटल आपण सगळे ओळखतो. त्याच अफूवरून चीनशी युद्ध झालं आणि १८४२ च्या नानजिंग तहात हाँगकाँग इंग्रजांकडे गेलं. एका बंदरातून दान आणि व्यसन दोन्ही निघालं, हे नीट समजून घ्यायला हवं, लपवायला नको. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, कंपनीच्या काळातली कागदपत्रं तिथे आहेत. माझगावला डॉकयार्ड रोडजवळ चिनी देऊळ आहे, मी लहानपणी त्याच्यावरून शाळेत जायचो आणि आत काय आहे हे कधी कुणाला विचारलं नाही, याचं आता वाईट वाटतं. तू विचार.

सोलापूरची_मी:
आमच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव अजून कसं आलं नाही? १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करता करता तिथलेच झाले, लग्न तिथे केलं, १९४२ ला बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. भैय्या चौकाजवळ त्यांचं स्मारक आहे, सोलापूरला आलीस तर नक्की जा.

वाचनवेडी_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार, सर तुम्हाला विशेष नमस्कार. काल रात्री महाराष्ट्राचा तो भाग इंग्रजीतून वाचला आणि मग आईला मराठीत वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती, थांबून म्हणाली, हे तर आपल्या आजोबांचंच वर्णन केलंय, आणि मग विचारलं, तो परत जाताना वाटेत कुणी त्याला जेवू घातलं का. मला उत्तर देता आलं नाही, पण शोधणार आहे. भाषेच्या क्लासला सोमवारपासून जातेय. वही आणलीय, पहिली दहा अक्षरं आजच लिहिते.

निवृत्त_मास्तर:
आईचा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. अजिंठ्याला निघालीस की मला मेसेज कर, त्या उताऱ्यावर मी काढलेली टिपणं आहेत, ती झेरॉक्स करून देतो.